आवळा-सोडा क्लास

आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची एक पिशवी टांगलेली आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण बाजारातून आलेली प्रत्येक पिशवी घडी होऊन तिच्यात जाते, आणि एक दिवस ती खिळ्यासकट खाली येते. माझ्या क्लासच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा भिशीत मैत्रिणींना एक सांगायला घेतला आणि सगळेच खाली आले. आता पसरलेच आहेत तर तुम्हीही ऐका.

मी फिजिओथेरपिस्ट. नाशकात दिंडोरी रोडला एका मॅटर्निटी होमच्या वरच्या मजल्यावर गरोदर बायकांचा व्यायामाचा क्लास घेते, मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे व्यायाम शिकवायला काही लागत नाही. हात वर म्हटलं की हात वर होतात. पण माझ्या क्लासचा मुख्य विषय म्हणजे असा स्नायू, जो दिसत नाही, दाखवता येत नाही आणि ज्याच्याबद्दल चारचौघांत बोलता येत नाही. कमरेच्या हाडांच्या मधे, अगदी तळाशी, तो झोळीसारखा बांधलेला असतो. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि वर नऊ महिने बाळ, सगळ्यांचा भार त्याच्यावर. तो सैल पडला की शिंकताना, खोकताना, हसताना लघवी सुटते. बायका हे कोणाला सांगत नाहीत. साडी बदलतात आणि कामाला लागतात.

*

सुरुवातीला मी फार शास्त्रशुद्ध होते. पुस्तकातून शब्द शोधून काढला होता, श्रोणितल. पहिल्याच दिवशी तो फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला आणि म्हणाले, "आज आपण श्रोणितलाची माहिती घेऊ या."

हॉलमध्ये शांतता पसरली. मला वाटलं, विषयाचं गांभीर्य पोचलं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एकीने शेजारणीला हळूच विचारलं, "श्रोणितल म्हंजे सुरगाण्याच्या अलीकडं का पलीकडं?"

शेजारीण विचार करून म्हणाली, "अलीकडंच असंल. पलीकडं गुजरात लागतं."

मी फळा पुसला. मग म्हटलं, "असं समजा, तुम्ही एसटीत बसलाय. लघवीला जोरात लागलीय आणि स्टँड अजून लांब आहे. काय करता?"

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "धरून ठेवतो."

"ज्याने धरून ठेवता ना, तोच तो."

एका मिनिटात सगळ्यांना कळलं. कळणारच. आपल्याकडच्या बाईचा अर्धा जन्म धरून ठेवण्यातच जातो. फक्त हा व्यायाम पिशवी रिकामी करून येऊन करायचा असतो, एवढंच नवीन सांगावं लागलं. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये दोनच हुकूम चालतात. आत ओढून घट्ट आवळा. आणि मग हळू सोडा.

*

या दोन हुकमांनीच घोटाळा केला.

सायखेड्याहून वैशाली यायची. दुसरं बाळंतपण, चौथा महिना, आणि जीभ अशी की तिच्या शेजारी बसणारीचा व्यायाम हमखास चुकायचा. तिचा नवरा संदीप टोमॅटोचे कॅरेट घेऊन मार्केट यार्डात यायचा, तेव्हा पिकअपमध्ये पुढे वैशाली आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची, म्हणून आम्हीही सगळ्या आत्याबाईच म्हणायला लागलो. उंच, काटक बाई. कपाळाला मोठं कुंकू आणि चेहऱ्यावर कायम शाळा तपासायला आल्यासारखा भाव. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. वाटेत पिकअप एकदा थांबवायला लावायच्याच, कारण त्यांना गाडी लागते असं वैशालीने सांगितलं होतं. एसटीत तर त्या गेल्या कित्येक वर्षांत बसल्याच नव्हत्या.

दार किलकिलं असायचं. आतून माझा आवाज बाहेर जायचा. आवळा. सोडा. आवळा. सोडा.

एका शुक्रवारी मी क्लास सुरू करणार, तोच आत्याबाई आत आल्या. हातातली कापडी पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आतून मोरावळ्याची बरणी काढली आणि तिच्या शेजारी गोटी सोड्याच्या दोन बाटल्या मांडल्या.

"अहो आत्याबाई, हे काय?"

"त्या दिवशी तासभर मागत होत्या तुम्ही," आत्याबाई हॉलवर नजर फिरवत म्हणाल्या, "यातली एक बी उठली नाय."

त्या दिवशी व्यायाम झाला नाही. चटयांवर नुसता लोळून लोळून हसण्याचा कार्यक्रम झाला. खाली रिसेप्शनवरून कोणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं. एकट्या आत्याबाई हसल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून त्या ताठ उभ्या राहिल्या आणि तशाच वळून बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, बाई दुखावली. मागोमाग जाऊन मी माफी मागितली तर म्हणाल्या, "राग नाय ओ. मोरावळा ठेवा तुम्हाला, चांगला झालाय."

क्लासचं नाव मात्र त्या दिवशी पडलं ते पडलंच. आता रिक्षावाल्यालाही आवळा-सोडा क्लास म्हटलं की कळतं.

*

मी सगळ्यांना सांगते की हा व्यायाम रोजच्या कुठल्यातरी गोष्टीला बांधून टाका, म्हणजे विसरत नाही. चहा उकळेपर्यंत करा, लिफ्टमध्ये करा. बँकेत काम करणाऱ्या ज्योतीने तो सिग्नलला बांधला. गाडी तिचा नवरा अमोल चालवायचा. सिग्नल लाल झाला की ज्योती बोलता बोलता गप्प व्हायची, समोर बघायची आणि आवळायची. सिग्नल हिरवा झाला की पुन्हा बोलायला सुरुवात.

हे काय चाललंय ते तिने अमोलला सांगितलंच नव्हतं.

द्वारकेच्या सिग्नलला अमोलने दोनदा तिच्याकडे बघितलं. मुंबई नाक्याला तो म्हणाला, "ठीक आहे, तुझ्या आईला मी चटणीवरून बोललो ते चुकलंच माझं." ज्योती तेव्हा आवळून धरण्याच्या मधेच होती, तिला उत्तर देता येईना. त्र्यंबक नाक्याला तो म्हणाला, "आणि गोव्याचं मी मित्रांना आधीच हो म्हणून बसलोय. सांगणारच होतो." ज्योती समोरच बघत राहिली. गंगापूर रोडला लागेपर्यंत त्याने असं काहीतरी कबूल केलं की ते ज्योतीने मलासुद्धा सांगितलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "घरचा व्यायाम एखादवेळेस चुकेल. सिग्नलचा नाही चुकवणार."

*

आमच्याकडे नवरेमंडळींचाही एक दिवस असतो. हे लोक येतात, भिंतीला टेकून उभे राहतात आणि मोबाईलमध्ये जग किती महत्त्वाचं चाललंय ते बघत असतात. त्यांना जागं करायला माझ्याकडे एक वाक्य आहे. मी म्हणते, "हा स्नायू पुरुषांनाही असतो." सगळे मोबाईल एकदम खाली जातात.

त्या दिवशी वैशालीचा संदीपही होता. मी समजावून सांगत होते की नुसतं आवळणं महत्त्वाचं नाही, सोडणंही तितकंच महत्त्वाचं, कारण बाळ बाहेर येताना हा स्नायू ढिला सोडता आला पाहिजे. संदीपने हात वर केला.

"म्हंजे मॅडम, ट्रॅक्टरच्या क्लचवाणी. दाबायचा झटक्यात, पण सोडायचा हळूच. पट्कन सोडला की गाडी आचका मारती."

इतकी वर्षं मी शिकवतेय, इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. मी त्याचं भरभरून कौतुक केलं. संदीपची छाती फुगली.

वैशाली चटईवरून म्हणाली, "एवढं कळतं तर परवा काकांचा बांध कसा पाडला?"

हॉल दणाणला. संदीप स्वतःही हसला. दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पाठ फिरवली आणि चालू पडल्या. वैशालीचा चेहरा उतरला.

"झालं," ती मला हळूच म्हणाली. "मी तोंड उघडलं की उठून जातात. लग्न झाल्यापासून बघतेय मी. हसताना कधी बघितलंच नाही त्यांना. आता येवल्याला त्यांच्या भाचीचं लग्न आहे, माघात. सख्ख्या भावाची मुलगी. मामा पैठणी विणतात, स्वतःच्या हाताने विणलेली एक पैठणी त्यांनी आत्याबाईंना आमच्या लग्नात दिली. ती पेटीतच आहे. येवल्याला चला म्हटलं की म्हणतात, गाडी लागते. माझ्याबरोबर जायचं नसेल त्यांना, दुसरं काय."

एवढं बोलून ती चटई गुंडाळायला लागली.

*

मॅटर्निटी होमच्या खाली एक पोळीभाजी केंद्र आहे. तिथे एके दिवशी मिरच्यांचा ठसका उठला, असला की वरच्या मजल्यापर्यंत सगळे खोकायला लागले. मी म्हटलं, चला, आयतं प्रात्यक्षिक. "खोकायच्या आधी आवळा. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका." सगळ्या जणी आवळून आवळून खोकत होत्या. खिडकी उघडायला म्हणून मी बाहेर आले तर बाकावर आत्याबाई पायावर पाय घट्ट दाबून, डोळे मिटून, खोकला गिळत बसलेल्या. एक उबळ आलीच. त्यांनी घाईने पदर मागे ओढून घेतला आणि बाथरूमकडे गेल्या.

मी वर्षानुवर्षं हेच बघते, तरी त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी थांबवणं, उठून जाणं, ओठ मिटणं, सगळं एकदम जुळलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी पॅसेजमध्ये उभी होते.

"आत्याबाई, कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?"

"मी दिवसभर हेच ऐकते हो. मला सांगायला काही हरकत नाही."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "संदीपच्या टायमापासून. पोरगं मोठं होतं. सुईण म्हणली जोर लाव, म्या लावला. तव्हापासून खोकलं की होतं, वझं उचललं की होतं. समद्या बायांना होतं. त्यात काय सांगायचं?"

"आणि गाडी लागते ती?"

"गाडी नाय लागत ओ मला," त्या म्हणाल्या. "खड्डे लागत्यात."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "येवल्याला संदीप पिकअपने नेऊ शकतो की. पाहिजे तिथे थांबत जा."

"जाईन ओ. पण तिथं गेल्यावर काय? लगीन म्हणल्यावर हसणं आलं, नाचणं आलं. भाऊ म्हणणार पैठणी नेस. रेशमाला पाणी लागलं का डाग जात नाय. त्यानं येवढं डोळं फोडून इणलीय आन् मी त्याच्यासमोर..." पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "भाऊ म्हणला, या टायमाला आली नाय तर मी समजन माझी बहीण राहिली नाय."

एका साध्या स्नायूपायी या बाईचं माहेर सुटत आलं होतं. मला फार राग आला, तिच्यावर नाही, आपल्या सगळ्यांच्या न बोलण्यावर. मी त्यांचा हात धरून सरळ आमच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकलेलं नाही, स्नायू ढिले पडलेत, मन लावून व्यायाम केला तर बराच फरक पडेल, वयाचं काही नाही.

आत्याबाईंना पटलं नाही. "गरवारशा पोरींच्या क्लासात मी बसू? डोहाळजेवण बी करा मग माझं."

"करू," मी म्हटलं. "तुम्ही बसा आधी."

"बरं. पण वैशालीला सांगायचं नाय."

मी कबूल केलं. वैशालीची सोबत म्हणून बसतात, एवढंच सगळ्यांना सांगायचं ठरलं.

*

हे गुपित टिकलं ते एक नवीन मुलगी येईपर्यंत. कॉलेज रोडची, पहिलं बाळंतपण, अत्यंत गोड आणि अत्यंत भोळी. शेजारच्या चटईवर डोळे मिटून मनापासून आवळणाऱ्या आत्याबाईंना बघून तिने आदराने विचारलं, "काकू, तुम्हाला कितवा महिना?"

आत्याबाईंनी डोळे उघडले, एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "संदीपच्या टायमाचंच चालू हाय माझं. अजून सुटका नाय."

काय हशा पिकला म्हणून सांगू. आणि त्या हशात पहिल्यांदा आत्याबाईंचा चेहरा फुटला. गाल थरथरले, डोळ्यांत पाणी आलं, एक हुंदक्यासारखं हसू बाहेर पडलं, आणि लगेच त्या धडपडत उठल्या आणि बाहेर गेल्या. चटईवर एक लहानसा ओला डाग राहिला होता. मी माझा नॅपकिन त्यावर टाकला. पण वैशालीने बघितलं होतं.

ती उठून मागोमाग गेली. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"मला का नाही सांगितलं?" वैशाली विचारत होती. "मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही. मी काही बोलले की तुम्ही उठून जाता."

"मग काय करू?" आत्याबाईंचा आवाज आला. "तू लय हसवती."

मी हॉलमध्ये परत आले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. बायकांना वाटलं मॅडम काहीतरी लिहिणार आहेत. मी नुसती डोळे पुसत होते.

*

त्यानंतर वैशालीने सासूचा ताबा घेतला. माझ्याहून कडक मास्तरीण. घरात आत्याबाईंनी कळशीला हात घातला की स्वयंपाकघरातून आरोळी, "आत्याबाई, आवळा!" कांद्याच्या गोणीजवळ गेल्या की, "आवळा!" देवळाच्या पायऱ्या चढताना, शिंक येताना, शेळीचं पिल्लू उचलताना, सायखेड्याच्या त्या गल्लीत दिवसभर एकच गजर.

वैशालीचे सासरे, तात्या, फार बोलत नाहीत. ऐकतात आणि शेतावर जातात. एका संध्याकाळी ते नर्सरीतून एक रोप घेऊन आले आणि अंगणात ठेवून म्हणाले, "घरात रोज आवळा आवळा चाललंय. लावून टाकतो बांधावर. चार-पाच वर्सांनी तरी गप बसताल."

दोघी सासवा-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. हे मला सांगताना आत्याबाई लाजल्या होत्या. मी विचारलं, "मग तात्यांना खरं काय ते सांगितलंत की नाही?"

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत होते, आता काय बोलत्यात."

"काय म्हणाले?"

"म्हणले, झाड ऱ्हाऊ दे."

फरक हळूहळू पडत होता. एकदम जादू होत नाही यात, हे मी सगळ्यांनाच सांगते. आधी पिकअप वाटेत थांबायची बंद झाली. मग कळशी जमायला लागली. हसणं मात्र अजून अवघड होतं. हसू सांगून येत नाही ना, आवळायला वेळच देत नाही. आत्याबाई म्हणायच्या, "खोकला मानूस हाय, दार वाजवून येतो. हसू चोर हाय."

*

माघ आला. वैशालीला सातवा लागला होता. डॉक्टरबाईंनी तपासून येवल्याला जायला परवानगी दिली, पुढच्या सीटवर बसायचं या अटीवर. संदीप म्हणाला, "मी गाडी करतो." आत्याबाई म्हणाल्या, "यष्टीनंच जायचं. भाऊ ष्टँडवर न्यायला येतो. लगीन झाल्यापासून तशीच जायची मी." आणि वर म्हणाल्या, पैठणी नेसूनच जायचं. भावाने ती गाडीतून उतरताना बघितली पाहिजे.

मला सांगून गेल्या तेव्हा मी तोंडाने "जा की, काही होत नाही" म्हटलं, पण रात्री नवऱ्याशी धड बोलले नाही. गर्दी, खड्डे, रेशीम, भाऊ. काही झालं असतं तर त्या बाईने पुन्हा उंबरा ओलांडला नसता, आणि मला मी काय शिकवते तेच कळेनासं झालं असतं. मी एक जादा साडी आणि पॅड बरोबर ठेवायला सांगितलं. जादा साडी त्यांनी ठेवलीच नाही, असं मला नंतर कळलं.

लग्न झालं, आणि पुढच्या शुक्रवारी वैशाली क्लासला आली. आत्याबाई खाली डॉक्टरबाईंना लग्नाचे लाडू द्यायला थांबल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी वैशालीला घेरलं.

"चांदोरीला गाडी मिळाली," वैशाली सांगायला लागली. "मला ड्रायव्हरच्या मागे जागा दिली सगळ्यांनी. आत्याबाईंना मिळाली एकदम शेवटी, चाकाच्या वर. मोरपंखी पैठणी नेसलेल्या, आणि गाडी निघाली की दोन्ही हातांनी पुढची दांडी धरलेली. मला पुढून रस्ता दिसत होता. स्पीडब्रेकर आला, मी मागे वळून ओरडले, आत्याबाई, आवळा!"

आम्ही श्वास रोखला.

"गाडी उडाली. त्यांनी मान हलवली, ठीक म्हणून. पण शेजारी एक बाई होती. तिला वाटलं, यांना गाडी लागते. तिने पिशवीतून आवळा सुपारीची पुडी काढून आत्याबाईंच्या हातात दिली. स्टँडवर मिळते ना, उलटीवर? पुढे खड्डा आला, मी परत ओरडले. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी एक आवळा दिला. निफाडपर्यंत सगळ्या गाडीला कळलं. मी आवळा म्हटलं की कोणीतरी खिशात हात घालायचं. कंडक्टर म्हणाला, अरे, कोणाकडे आवळा असेल तर मावशीला द्या, पैठणीवर उलटी झाली तर वाटोळं होईल. पोरंटोरं, म्हातारे, जो तो आवळा काढून मागे पाठवतोय. एकीने तर मोरावळ्याचा डबाच उघडला. आणि आत्याबाईंना नाही म्हणायची सोय नाही. घेतात आणि ओच्यात टाकतात."

"मग?" ज्योतीने विचारलं. तिची तारीख जवळ आली होती, तरी ती चटईवर गुडघ्यांवर बसून ऐकत होती.

"मग विंचूर आलं. तिथे रस्ता खोदलाय. मी आधी म्हटलं आवळा. खड्डा गेल्यावर म्हटलं, आता सोडा, आत्याबाई, हळू सोडा. गाडी स्टँडवर उभी होती. खिडकीतून एका विक्रेत्याने हात आत घातला आणि सोड्याची बाटली आत्याबाईंच्या तोंडासमोर धरली."

वैशालीचा आवाज बदलला.

"मॅडम, त्या हसल्या. आधी नुसत्या हलायला लागल्या. मला वाटलं, गेलं सगळं. मी उठायला लागले तर गाडी चालू झाली. आणि त्या मोठ्याने हसायला लागल्या. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी गळतंय, ओच्यातले आवळे खाली पडतायत. त्यांना बघून शेजारची हसायला लागली, मग आजोबा, मग कंडक्टर. पुढे अख्खा खोदलेला रस्ता, गाडी नुसती आदळतेय, आणि त्यांना हसू थांबतच नाही. येवल्यापर्यंत. मी एवढी घाबरले की माझ्या तोंडून आवळासुद्धा निघेना."

"अगं पण मग स्टँडवर?" मी विचारलं. "उतरताना? मामा आले होते ना?"

तेवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज झाला. आत्याबाई दारात आल्या. साध्या शुक्रवारी, टोमॅटोच्या पिकअपमधून, मोरपंखी पैठणी नेसून. सगळ्या हॉलने त्यांच्याकडे बघितलं. त्या सावकाश चालत आल्या, माझ्याकडे पाठ करून एकदा पूर्ण वळल्या, जशी नवी साडी दाखवतात तशी, आणि मग टेबलाशी येऊन त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आतून आवळे, आवळा सुपारीच्या पुड्या, मिठातल्या फोडी टेबलभर पसरल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "समद्या गाडीनं दिलं. मला एक बी लागला नाय."